बोर्दो ते सेत: कालव्याच्या काठाने, आणि काठ सोडूनही

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरच्या सायकलस्वारांना फ्रान्स माहीत असतो तो पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसमुळे. १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झालेली ही बाराशे किलोमीटरची राइड आता दर चार वर्षांनी होते आणि तिच्यासाठी पात्र ठरायला २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीतल्या राइड, पूर्ण कराव्या लागतात. पण ९० तासांच्या मुदतीत दिसणारा फ्रान्स बराचसा रात्रीचा असतो: समोर हेडलाइटचा पट्टा आणि पुढच्या सायकलचा तांबडा दिवा. त्याच देशात दिवसाउजेडी, सावकाश करायची एक वेगळी सायकल सहल आहे. तिला पात्रता लागत नाही, दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर पुरतात आणि सायकलची सवय असलेले साठीतले आईवडीलही ती करू शकतात. ही सहल कालव्यांच्या काठाने आणि आजूबाजूच्या गावरस्त्यांनी जाते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने बोर्दो ते सेत हा मार्ग धरावा. अटलांटिकच्या बाजूच्या बोर्दोपासून भूमध्य समुद्रावरच्या सेत बंदरापर्यंत हे अंतर साधारण ५०० किलोमीटर आहे. वाटेत आधी गारोन कालवा लागतो, तुलूज शहरात तो संपतो आणि तिथूनच कानाल द्यु मिदी सुरू होतो. चढ जवळजवळ नाहीतच. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे बोर्दो-तुलूज-सेत रेल्वेमार्ग जवळपास सगळीकडे हाताशी असतो. मार्मांद, आजां, मोआसाक, कास्तेलनोदारी, कार्कासोन, बेझिए, आग्द या सगळ्या गावांना स्टेशनं आहेत. पाय दुखले, पाऊस लागला, सोबतचं मूल कंटाळलं, तर गाडीत सायकल चढवून पुढचं गाव गाठता येतं. दहा दिवस हाताशी असले तर ही सहल निवांत होते. आठ दिवसांत ती उरकते, पण मग पुढे सांगितलेली अर्धी ठिकाणं गाळावी लागतात आणि तसं करू नये.

कारण सगळेच्या सगळे ५०० किलोमीटर कालव्यावर काढले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा येतो. तेच हिरवट पाणी, तीच झाडांची रांग, तोच सपाट काठ. कालवा आधाराला ठेवावा, रोज सकाळी त्याच्यावरूनच निघावं आणि दिवसातून एकदा तरी त्याला सोडून शेतांमधल्या, टेकड्यांवरच्या छोट्या रस्त्याने फिरून परत यावं. या प्रदेशात सायकल चालवण्याची खरी मजा तिथेच मिळते.

आधी काठाबद्दल. दोन्ही कालवे नकाशावर सलग दिसतात, पण टायरखाली ते अगदी वेगळे आहेत. १८५६ साली पूर्ण झालेला गारोन कालवा १९३ किलोमीटर लांब आहे. तो रेल्वेच्या जमान्यातला, त्यामुळे बराच सरळ. त्याच्या काठाने डांबरी वाट आहे आणि रोड बाइकची बारीक चाकंही तिच्यावर मजेत धावतात. तुलूजनंतरही साधारण ५० किलोमीटर डांबर साथ देतं. त्यापुढे ओद जिल्हा लागला की वाट बदलते. कुठे घट्ट दाबलेली बारीक खडी, कुठे नुसती माती, कुठे गवतातून गेलेली एका चाकाची पायवाट आणि जागोजाग वर आलेली झाडांची मुळं. काही टप्पे अलीकडे सुधारले आहेत, पण पाऊस पडून गेल्यावर उरलेल्या भागात चिखल होतो. त्यामुळे २५ मिलिमीटरचे टायर घेऊन तुलूजच्या पुढे काठाने जाण्याचा हट्ट धरू नये. ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर असलेली हायब्रिड किंवा ग्रॅव्हल सायकल सगळ्या मार्गाला चालते. रोड बाइकच हवी असेल तर तुलूजपुढच्या डांबराच्या शेवटी काठ सोडावा आणि समांतर गावरस्ते धरावेत.

कानाल द्यु मिदी इतका वळणावळणाचा का, हे कळलं की प्रवासाची गोडी वाढते. पिएर-पॉल रिके हा बेझिएचा माणूस मिठावरचा कर गोळा करणारा सरकारी मक्तेदार होता. दोन समुद्र जोडायचे तर मधला उंचवटा ओलांडायला पाणी हवं, आणि ते उंचवट्यावर आणायचं कुठून, हा जुना प्रश्न त्याने सोडवला. मोंतान्य न्वार डोंगरातले ओढे वळवून, सां-फेरेओल इथे धरण बांधून, ते पाणी चरांनी नोरूझच्या खिंडीपर्यंत आणलं. समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवर असलेली ही खिंड म्हणजे कालव्याचा सर्वोच्च बिंदू. इथे आलेलं पाणी एका बाजूने अटलांटिककडे आणि दुसऱ्या बाजूने भूमध्याकडे जातं. १६६६ मध्ये चौदाव्या लुईने मंजुरी दिली. रिके १६८० च्या ऑक्टोबरात वारला आणि कालवा खुला झाला १६८१ च्या मे महिन्यात. शक्यतो जमिनीची एकच उंची धरून खोदल्यामुळे कालवा टेकड्यांना वळसे घालत जातो. आर्जांपासून बेझिएपर्यंतच्या ५४ किलोमीटरमध्ये एकही लॉक नाही, म्हणजे दरवाजे लावून पाण्याची पातळी वर-खाली करणारा एकही हौद नाही. तेवढ्या अंतरात जमीन इतकी बारकाईने मोजली गेली होती, तीही सतराव्या शतकातल्या साधनांनी.

नोरूझला म्हणूनच थांबावं. बहुतेक जण फोटो काढून पुढे जातात. ज्याच्याकडे एक दिवस जास्तीचा आहे त्याने इथून काठ सोडून रिकेचाच चर धरावा. रिगोल द ला प्लेन या नावाचा हा अरुंद चर झाडांच्या सावलीतून रेव्हेल गावाकडे जातो आणि त्याच्या कडेने वाट आहे. रेव्हेलचा बाजार शनिवारी भरतो, मध्ययुगातल्या लाकडी छपराखाली, आणि त्या दिवशी तिथे पोचायचं असेल तर सहलीच्या तारखा त्या हिशेबाने आखाव्यात. गावाच्या वर थोडा चढ चढलं की सां-फेरेओलचा जलाशय. उन्हाळ्यात तिथे पोहताही येतं. परतताना लोरागे टेकड्यांवरचे रस्ते घ्यावेत: गव्हाची आणि सूर्यफुलाची शेतं, वर पवनचक्क्या, गाड्या अगदी तुरळक. पंधराव्या-सोळाव्या शतकात याच मातीत पास्तेल नावाचं झुडूप पिकायचं. त्याच्या पानांपासून निळा रंग निघे आणि त्या व्यापारावर तुलूजच्या व्यापाऱ्यांनी हवेल्या उठवल्या. पुढे समुद्रमार्गाने भारताची नीळ युरोपात आली आणि पास्तेलचा धंदा बसला. तुलूजमधली आसेझाची हवेली त्या पैशांतून उभी राहिलेली. शहरात मुक्काम असेल तर ती जरूर पाहावी.

गारोन कालव्यावरही असे फाटे आहेत. बोर्दोतून निघतानाच कालव्याकडे थेट न जाता रोजे लापेबीच्या नावाची सायकल वाट घ्यावी. जुन्या रेल्वेमार्गावर डांबर घालून केलेली ही वाट सोव्हतेर-द-ग्वियेनपर्यंत द्राक्षमळ्यांतून जाते. लापेबी १९३७ ची तूर द फ्रान्स जिंकला, आणि गिअर बदलणारा डिरेलर वापरायला परवानगी मिळालेली ती पहिली तूर. पुढे ल मास-दाजने या छोट्या गावच्या चर्चमध्ये रेम्ब्रांने १६३१ मध्ये रंगवलेलं क्रुसावरच्या ख्रिस्ताचं चित्र आहे. कालव्यापासून गावात चढायला फार तर दहा मिनिटं लागतात, फक्त चर्चच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवाव्यात. आजां इथे कालवा २३ कमानींच्या दगडी पुलावरून गारोन नदी ओलांडतो. खाली नदी, वर नावा आणि शेजारून सायकली. त्यानंतर ओव्हियार: कालवा सोडून नदीपलीकडे टेकडीवर चढायचं, गोल बाजारपेठेच्या भोवती फिरायचं आणि गारोनचं खोरं पाहून उतरायचं. मोआसाकच्या मठाचं इ.स. ११०० च्या सुमाराचं अंगण हे या मार्गावरचं सगळ्यात सुंदर बांधकाम आहे, निदान दोन तास तरी त्याला द्यावेत. याच टापूत स्पेनमधल्या सान्तियागोच्या यात्रेला पायी निघालेले लोक काठाने चालताना भेटतात. अशा मिश्र वाटांवर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला, तेव्हा लांबूनच घंटी द्यावी आणि वेग कमी करावा.

रस्ता निवडायचा कसा? कागदी मिशलँ नकाशा अजूनही सगळ्यात कामाचा आहे. त्यात तांबडे रस्ते मोठे, पिवळे मध्यम आणि पांढरे सगळ्यात छोटे. सायकलस्वाराने पांढऱ्यांवर भर द्यावा, गरजेपुरते पिवळे घ्यावेत. ज्या रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ आहे तो निसर्गरम्य. मोबाइलवरचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवावाच, पण मोबाइल जवळचा रस्ता शोधतो आणि कागद चांगला. एका गोष्टीत मात्र फसायला होतं. ‘डी’ हे अक्षर असलेले सगळे रस्ते जिल्ह्याचे, म्हणून शांत असतील असं वाटतं. पण अनेक जुने राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यांकडे दिल्यावर त्यांना ‘डी’ क्रमांक मिळाले. कार्कासोनकडचा डी ६११३ आणि तुलूज परिसरातला डी ८१३ हे दोन्ही पूर्वीच्या एन ११३ चे तुकडे आहेत, ट्रकांनी भरलेले. नकाशावर तांबडा दिसला की तो टाळावा, अक्षर काहीही असो.

कार्कासोननंतरचा पट्टा मिनेर्व्हुआच्या द्राक्षमळ्यांचा. इथे मिनेर्व्ह गावाला जाऊन यावं. दोन नद्यांच्या घळींमध्ये खडकावर उभं असलेलं हे गाव कालव्यापासून उत्तरेला आहे, चढ आहे, पण दिवस सार्थकी लागतो. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणी चालते, त्या वेळी छोट्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि त्यांच्या चाकांची माती असते, वळणावर जपून. बेझिएच्या अलीकडे माल्पाच्या टेकडीखालून कालवा बोगद्यातून जातो. त्याच टेकडीच्या पोटात रेल्वेचा बोगदा आहे आणि तिसरा, मध्ययुगात खोदलेला पाण्याचा बोगदा. वरच्या आंसेरूनच्या पुरातन वस्तीवर चढलं की खाली माँतादीचं तळं दिसतं. तेराव्या शतकात उपसून शेतं केलेलं, मध्यातून किरणांसारखे चर निघालेलं. तिथून फोन्सेरानचे लॉक जवळच आहेत. एकापाठोपाठ एक हौदांची ही माळ नावांना एकवीस मीटरहून जास्त खाली उतरवते, आणि सायकल उतारावरून सोडून देण्यापेक्षा तिथे उभं राहून एखादी नाव पुरती उतरताना बघावी.

आता सावलीबद्दल. मिदीच्या काठाची चिनाराच्या जातीची हजारो प्लेन झाडं त्याची ओळख होती. २००६ मध्ये त्यांच्यावर एका बुरशीचा रोग आढळला. दुसऱ्या महायुद्धात आलेल्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांबरोबर ती फ्रान्समध्ये आली असं मानतात. उपाय एकच: रोगी झाड आणि त्याच्या शेजारची झाडं तोडून जाळणं. नव्या जातींची रोपं लावली जात आहेत, पण अनेक मैलांवर अजून माथ्यावर छप्पर नाही. जुन्या फोटोंवर भरवसा ठेवून जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्याला ३५ अंशांच्या पुढे गेलेल्या उन्हात सायकल चालवावी लागते. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने चांगले.

वारा ही चढाची जागा घेणारी गोष्ट आहे. ओदमध्ये पश्चिमेकडून सेर्स वाहतो, भूमध्याच्या किनाऱ्याकडे वायव्येकडून त्रामोंतान. म्हणून बोर्दोहून सेतकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला जावं. वारा पाठीशी मिळण्याची शक्यता जास्त. उलटा येतो तो ओतां. तो आग्नेयेकडून तुलूज आणि लोरागेवर दिवसच्या दिवस जोरात वाहतो. ओतां सुरू असेल तर त्या दिवशीचं अंतर निम्मं करावं, किंवा सरळ गाडी पकडावी.

दिवसाची आखणी किलोमीटरवर न करता गावाच्या घड्याळावर करावी. बेकरी सकाळी सातच्या सुमारास उघडते, दुपारी साडेबारा-एकला बंद होते आणि तीन-चारनंतर पुन्हा उघडते. आठवड्यातून एक दिवस ती बंदच असते, बऱ्याच गावांत सोमवारी. रविवारी दुपारनंतर खाण्याचं काही मिळेल असं धरूच नये. रेस्टॉरंटमध्ये दुपारचं जेवण बारा ते दोन, रात्रीचं सातनंतर. अडीचला भुकेने पोचलेल्याला दार बंद मिळतं. सकाळी दुकान उघडं दिसलं की पाव, चीज, टोमॅटो, फळं पिशवीत टाकावीत. दुकानात शिरताना ‘बाँजूर’ म्हणायचं विसरू नये. ते न म्हणता मागणी केली तर उद्धटपणा समजतात.

शाकाहारी माणसाला थोडी तयारी लागते. कास्तेलनोदारीचं प्रसिद्ध कासुले म्हणजे पांढऱ्या वालासारख्या दाण्यांचं कालवण, पण त्यात डुकराचं आणि बदकाचं मांस असतं. साध्या सॅलडवरही खारवलेल्या मांसाचे तुकडे पडतात. त्यांना ‘लार्दों’ म्हणतात, ते नकोत हे आधी सांगावं. भाजलेल्या शेळीच्या चीजचं सॅलड, ऑम्लेट खाणाऱ्याला ऑम्लेट, संध्याकाळी गावात येणाऱ्या गाडीवरचा पिझ्झा यांवर भागतं. घरगुती मुक्कामाच्या जागी जेवणाची सोय असेल तिथे आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं तर यजमान भाज्यांचं काहीतरी प्रेमाने करून वाढतात. मुक्काम शोधताना ‘आक्योय व्हेलो’ ही पाटी पाहावी. ती लावणाऱ्या जागा सायकल मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात आणि तिथे सायकल सुरक्षित ठेवायला जागा व दुरुस्तीची हत्यारं असतात. पाणी संपलं आणि गाव झोपलेलं असेल तर स्मशानभूमी शोधावी, फुलांना घालण्यासाठी तिथे नळ असतो. ‘नों पोताब्ल’ लिहिलेलं पाणी मात्र पिऊ नये.

रस्त्याचे नियम थोडे, पण पाठ हवेत. वाहतूक उजवीकडून. सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना आणि थांबून पुन्हा सायकलवर बसताना सवयीने डावीकडे जायला होतं, तेव्हा पहिले दोन दिवस सोबत्याने आठवण करून द्यावी. भाड्याच्या सायकलचे ब्रेक तपासावेत: आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो, फ्रान्समध्ये डाव्या हाताचा. घाबरून उजवा-डावा चुकला तर सायकल पालथी होते, म्हणून मोकळ्या जागी सराव करूनच निघावं. गावात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो बोळातून का येईना. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं आहे, बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, आणि कानात इअरफोन घालायला बंदी. गाड्यांनी गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवायचं असतं आणि बहुतेक चालक ते मनापासून पाळतात. दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, द्राक्षमळ्यांतून जाताना हे ध्यानात असावं. काठावर कठडा नसतो, पुलांखाली वाट अरुंद होते आणि समोरचं दिसत नाही. लहान मुलं असतील तर पुलाखालून सायकल हातात धरून न्यावी.

हा मार्ग ज्यांना उष्ण वाटतो त्यांनी उत्तरेकडे पाहावं. बुर्गुन्य कालवा २४२ किलोमीटरचा, १८९ लॉकांचा. पुयी गावापाशी तो तीन किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरतो तेव्हा सायकल टेकडीवरून जाते, आणि मोंबारजवळ १११८ साली स्थापन झालेला फोंतनेचा मठ आहे. ब्रितान्यमध्ये नाँत-ब्रेस्त कालवा आहे. इंग्रजांच्या नौदलाने समुद्र अडवला तर आतून मार्ग असावा म्हणून नेपोलियनने तो काढायला घेतला. तिथे शाकाहाऱ्यांची चंगळ: कुट्टूच्या पिठाचे चीज आणि मशरूम घातलेले घावन गावोगावी मिळतात.

निघण्याआधीची कागदपत्रं. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि राहण्याचे पुरावे लागतात. म्हणून ‘जिथे रात्र होईल तिथे राहू’ हा बेत जमत नाही, मुक्काम आधी ठरवावे लागतात, आणि म्हणूनच रोजचं अंतर कमी धरणं शहाणपणाचं. सायकल भारतातून नेण्यापेक्षा भाड्याने घेणं सोपं. बोर्दोला घेऊन सेत किंवा बेझिएला परत करता येईल अशी सोय देणारे व्यावसायिक आहेत, त्यांच्याकडे वसंतातच नोंदणी करावी. दोन ट्यूब, पंप आणि चेनचं तेल जवळ असावं, कारण आजां, तुलूज, कार्कासोन, बेझिए सोडता दुरुस्तीचं दुकान मिळेलच असं नाही. प्रादेशिक टीईआर गाड्यांत सायकल बहुधा फुकट जाते, पण उन्हाळ्यात काही मार्गांवर आरक्षण लागतं. वेगवान टीजीव्ही गाड्यांत सायकलसाठी वेगळं तिकीट असतं आणि जागा मोजक्याच.

शेवटच्या दिवशी आग्दनंतर मार्सेयांला कालवा एतां द तो या खाऱ्या सरोवराला मिळतो आणि तिथून सेतपर्यंत एका बाजूला सरोवर, दुसऱ्या बाजूला समुद्र अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून सायकल वाट जाते. इथे आडोसा काहीच नाही, त्यामुळे वारा पडलेला असताना, म्हणजे सकाळी लवकर, हा टप्पा पार करावा. सेतहून पॅरिसला थेट टीजीव्ही आहे. स्वतःची सायकल बरोबर असेल तर तिची जागा सहलीच्या तारखा ठरताच राखून ठेवावी.